उमर खय्याम : तंबू शिवणाऱ्यांचे आडनाव चंद्रावर

रमजानचा आणि ईदचा चंद्र पाहण्यासाठी आपण सारे मोठ्या आतुरतेने पश्चिमेच्या आकाशाकडे नजर लावून बसतो. कोर दिसली की एकमेकांना सलाम करतो, दुवा मागतो आणि गच्चीवरून खाली उतरतो. पण याच चंद्राचा शास्त्रज्ञांनी काढलेला नकाशा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. चंद्राच्या पृष्ठभागावर लहानमोठे असंख्य खळगे आहेत. त्यांना विवरे म्हणतात. इ. स. १६५१ मध्ये रिचिओली या इटालियन धर्मगुरूने आपल्या नकाशात या विवरांना थोर विद्वानांची नावे दिली आणि ती प्रथा पुढे जगाने उचलली. चंद्राच्या आजच्या नकाशात अल-बत्तानी, अब्दुर्रहमान अस्-सूफी, इब्नुल हैसम, अल-बिरूनी असे कितीतरी मुस्लिम विद्वान आढळतात.

याच नकाशात चंद्राच्या वायव्य कडेपलीकडे सुमारे ७० किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतके अंतर तोडावे तेव्हा कुठे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पार होईल. त्याचे नाव आहे 'उमर खय्याम'. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने हे नाव इ. स. १९७० मध्ये निश्चित केले.

विद्यार्थी मित्रांनो, या नावातील पहिला शब्द आपल्या परिचयाचा आहे. दुसरा शब्द हे आडनाव आहे आणि आजच्या लेखाचे निमित्तही तेच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने एस.एस.सी.चा अर्ज भरण्याच्या वेळी मला बाजूला बोलावले. त्याचे आडनाव पिंजारी. अर्जात ते लिहू नये, त्याऐवजी दुसरे एखादे भारदस्त आडनाव लिहावे, अशी त्याची विनंती होती. वर्गातील मुले त्याला पाहून कापूस पिंजण्याच्या धनुकलीचा आवाज काढीत असत. मुलगा हुशार होता, गणितात तर पहिल्या तिघांत होता. पण स्वतःचे नाव सांगताना त्याची मान खाली जात असे. त्या दिवशी मी त्याला नियम सांगितला, की शाळेच्या दाखल्यावर जे नाव असेल तेच अर्जावर लिहावे लागते. उत्तर बरोबर होते, पण शिक्षकाचे नव्हते. शिक्षकाने द्यावयाचे उत्तर मला पुढे उमर खय्याम यांचे चरित्र वाचताना सापडले.

अरबी भाषेत तंबूला 'खैमा' म्हणतात. उर्दूतला 'खेमा' तो हाच. खैमे शिवणारा तो 'खय्याम'. आपल्याकडे अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी ही आडनावे जशी धंद्यावरून पडली, तसेच हेही पडले. उमर यांच्या घराण्यात कापड बेतून, दोरा ओवून, तंबू शिवण्याचा धंदा होता. त्या काळात सैन्य, व्यापारी काफिले आणि यात्रेकरू या सर्वांनाच तंबू लागत; म्हणजे धंदा उपयोगाचा होता, पण तो कारागिराचा होता, दरबाऱ्याचा नव्हे.

उमर यांचा जन्म इराणच्या खुरासान प्रांतातील नैशापूर शहरी झाला. वडिलांचे नाव इब्राहीम. नैशापूर हे त्या काळी विद्येचे आणि व्यापाराचे फार मोठे केंद्र होते, आणि तेथे नुकतीच सल्जूक तुर्कांची सत्ता आली होती. उमर यांची जन्मतारीख १८ मे १०४८ अशी आज सर्वत्र दिली जाते. ही तारीख कशी सापडली ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. जहीरुद्दीन बैहकी या जुन्या चरित्रकाराने उमर यांच्या जन्मवेळेची ग्रहस्थिती लिहून ठेवली होती, परंतु तारीख दिली नव्हती. हैदराबादेतील स्वामी गोविंदतीर्थ यांनी त्या ग्रहस्थितीवरून गणित मांडून तारीख काढली आणि इ. स. १९४१ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथात प्रसिद्ध केली. पुढच्या अभ्यासकांनी ती मान्य केली. एका मुस्लिम गणितज्ञाची जन्मतारीख एका हिंदू संन्याशाने गणित करून शोधावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उमर यांच्या बालपणाविषयी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत छापलेली असते. उमर, पुढे वजीर झालेले निजामुल्मुल्क आणि पुढे बंडखोर पंथाचा प्रमुख झालेला हसन बिन सब्बाह हे तिघे एका मदरशात शिकत होते. जो मोठा होईल त्याने इतर दोघांना हात द्यावा अशी त्यांनी शपथ घेतली होती, अशी ती गोष्ट. गोष्ट रंजक आहे, पण खरी नाही. निजामुल्मुल्क यांचा जन्म १०१८ चा, म्हणजे ते उमर यांच्याहून तीस वर्षांनी मोठे होते. ते एका वर्गात कसे बसतील? उमर यांना मोठेपण वर्गमित्राच्या वशिल्याने मिळाले नाही, ते त्यांच्या अभ्यासाने मिळाले. पालकांनी ही गोष्ट मुलांना सांगताना एवढी दुरुस्ती अवश्य करावी.

त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. बैहकी लिहितो, की इस्फहान येथे त्यांनी एक ग्रंथ सात वेळा वाचला आणि नैशापूरला परतल्यावर तो तोंडपाठ सांगून लिहवून घेतला. नंतर मूळ प्रतीशी ताडून पाहिले तेव्हा फारच थोडा फरक निघाला. येथे विद्यार्थ्यांनी स्मरणशक्तीपेक्षा 'सात वेळा' या शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांना ते आपले गुरू मानीत. प्रत्यक्ष भेट होणे शक्यच नव्हते, कारण उमर जन्मले त्याच्या ११ वर्षे आधी इब्न सीना निवर्तले होते. ही शागिर्दी पुस्तकांतून झालेली होती.

वयाच्या विशीत उमर समरकंदला गेले. तेथील मुख्य काजी अबू ताहिर यांनी त्यांना आश्रय दिला. बुखारा येथील सुलतान शम्सुल्मुल्क त्यांना सन्मानाने आपल्या शेजारी तख्तावर बसवीत असे, अशी नोंद आहे. तंबू शिवणाऱ्यांच्या घरातला हा तरुण तख्तावर बसला तो केवळ विद्येच्या जोरावर.

समरकंदच्या मुक्कामात, इ. स. १०७० च्या सुमारास, त्यांनी बीजगणितावरील आपला प्रसिद्ध अरबी ग्रंथ लिहिला आणि तो काजी अबू ताहिर यांना अर्पण केला. या ग्रंथाचे महत्त्व थोडक्यात सांगतो. एखाद्या चौरस शेताचे क्षेत्रफळ दिले आणि बाजू विचारली, तर वर्गमूळ काढून उत्तर येते. नववी-दहावीचे विद्यार्थी वर्गसमीकरणे सोडवितात, ती सोडविण्याची रीत अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात घालून दिलेली होती. पण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही गोष्टी आल्या, म्हणजे पाण्याच्या हौदासारखे घनाचे गणित आले, की समीकरणात अज्ञात संख्येचा घन येतो. अशा घनसमीकरणांपैकी काही थोडी सुटलेली होती. सर्वांसाठी एक व्यवस्था नव्हती. उमर खय्याम यांनी समीकरणांचे २५ प्रकार पाडले. त्यांपैकी १४ प्रकार असे निघाले, की जे सोप्या समीकरणांत उतरत नाहीत. या चौदाही प्रकारांचे उत्तर वर्तुळ, अन्वस्त (पॅराबोला) आणि अपास्त (हायपरबोला) या वक्रांच्या छेदनबिंदूंवरून कसे काढावे हे त्यांनी दाखवून दिले. भूमिती आणि बीजगणित यांचा त्यांनी घातलेला हा मेळ युरोपात देकार्तच्या काळात, सतराव्या शतकात, बहरास आला.

त्यांचा आणखी एक गुण विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा आहे. या समीकरणांचे उत्तर आकृतीवाचून, केवळ संख्यांनी काढणे आपल्याला साधले नाही, असे त्यांनी ग्रंथात स्वच्छ लिहिले आणि आपल्यामागून येणाऱ्या कोणाला तरी ते साधेल अशी आशा व्यक्त केली. ते साधण्यास पुढे साडेचारशे वर्षे लागली. इटालियन गणितज्ञांनी सोळाव्या शतकात ती रीत शोधली आणि कार्दानोने ती १५४५ मध्ये छापली. आपल्याला जे येत नाही ते येत नाही असे म्हणण्यास फार मोठा माणूस लागतो.

इ. स. १०७४ च्या सुमारास सल्जूक सुलतान मलिकशाह आणि त्याचे वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना राजधानी इस्फहान येथे बोलावले. तेथे वेधशाळा उभारून पंचांग सुधारण्याचे काम निवडक ज्योतिर्विदांवर सोपविण्यात आले आणि त्यांत उमर अग्रभागी होते.

पंचांग सुधारण्याची गरज का पडली? हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. नमाज, रोजा, हज या धर्मकृत्यांसाठी ते योग्यच आहे. पण पीक चंद्रावर पिकत नाही, ते ऋतूप्रमाणे म्हणजे सूर्याप्रमाणे पिकते. सारा वसूल करण्याची तारीख चांद्रवर्षाने ठरविली तर ती दरवर्षी ११ दिवसांनी अलीकडे येते आणि काही वर्षांत शेत उभे असतानाच सारा मागण्याची वेळ येते. हीच अडचण पुढे आपल्या दख्खनमध्येही आली आणि म्हणून येथे फसली सन आणि मृगापासून सुरू होणारा शुहूर सन वापरात आले. जुन्या मराठी कागदपत्रांत हे सन आढळतात. इराणात जुने सौरवर्ष होते, पण ते नेमके ३६५ दिवसांचे धरलेले असल्यामुळे दरवर्षी सुमारे पाव दिवसाची चूक साचत गेली होती. नौरोज हा वसंताचा सण खऱ्या वसंतसंपाताच्या १८ दिवस आधी येऊ लागला होता.

उमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १८ दिवस दुरुस्त केले. सूर्य मेष राशीत प्रवेश करतो त्या दिवशी नवे वर्ष सुरू व्हावे असा नियम त्यांनी केला आणि १५ मार्च १०७९ पासून नवे पंचांग अमलात आले. सुलतानाच्या 'जलालुद्दौला' या किताबावरून त्यास 'जलाली' पंचांग म्हणतात. या पद्धतीचा हिशेब पुढे असा मांडला जातो, की ३३ वर्षांत ८ वर्षे ३६६ दिवसांची धरावीत. म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२४२४ दिवस येते. युरोपात १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी सुरू केलेले आणि आज आपल्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर ३६५.२४२५ दिवसांचे वर्ष धरते. खरे सौरवर्ष आहे ३६५.२४२२ दिवसांचे. पाचशे वर्षे आधी, दुर्बिणीचा शोध लागलेला नसताना झालेले हे गणित या बाबतीत अधिक जवळ जाते. इराणमध्ये १९२५ पासून जे सौर पंचांग चालते, त्याचे मूळ याच पंचांगात आहे.

इस्फहान येथेच १०७७ मध्ये त्यांनी युक्लिडच्या भूमितीवर भाष्य लिहिले. समांतर रेषांविषयीच्या युक्लिडच्या गृहीतकाची चिकित्सा करताना त्यांनी जो चौकोन वापरला, तोच सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १७३३ मध्ये, साकेरी या इटालियन गणितज्ञाने वापरला. म्हणून तो 'खय्याम-साकेरी चौकोन' या नावाने ओळखला जातो.

अठरा वर्षे असे शांततेचे गेली. मग १०९२ साल उजाडले. ऑक्टोबर महिन्यात निजामुल्मुल्क यांचा खून झाला आणि पुढच्याच महिन्यात सुलतान मलिकशाह मरण पावला. तख्तासाठी भांडणे सुरू झाली. वेधशाळेला मिळणारा पैसा थांबला आणि काम बंद पडले. आश्रयदाते गेले तशी उमर यांच्याविरुद्ध कुजबूज सुरू झाली. ते तत्त्वज्ञानाचा अभ्यास करतात, त्यांच्या श्रद्धेत खोट आहे, असा आरोप होऊ लागला. इब्नुल किफ्ती या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे याच काळात त्यांनी जबान आवरली, लेखणी आवरली आणि ते हजला गेले. परत आल्यावर ते नैशापूरला राहिले.

या काळाची एक आठवण जकरिया कज्वीनी याने दिली आहे. एक फकीह रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, उमर यांच्याकडे तत्त्वज्ञानाचा धडा घेण्यास येई आणि दिवसा लोकांत त्यांचीच निंदा करी. उमर यांनी एके दिवशी ढोल व कर्णे वाजविणाऱ्यांना घरात बसवून ठेवले. फकीह येताच वाद्ये वाजू लागली, सारा मोहल्ला गोळा झाला आणि उमर यांनी सर्वांना हा शागिर्द दाखविला. माझ्याविषयी हे जे सांगतात ते खरे असेल तर माझ्याकडे शिकायला का येतात, आणि खरे नसेल तर उस्तादाची निंदा का करतात, एवढेच त्यांनी विचारले.

त्यांच्या स्वभावात दोषही होते. बैहकी लिहितो, की ते तापट होते आणि शिकविण्याच्या व लिहिण्याच्या बाबतीत हात आखडता घेत. एवढ्या विद्वानाने पुष्कळ शिष्य तयार केले असते तर जगाचा मोठा लाभ झाला असता, असे शिक्षक या नात्याने वाटल्यावाचून राहत नाही. तरी मुले समोर आली की ते पारखून पाहत. बैहकी स्वतः लहान असताना वडिलांबरोबर त्यांना भेटला होता. उमर यांनी त्याला एक प्रश्न अरबी काव्यावर आणि एक भूमितीवर विचारला आणि उत्तरे ऐकून शाबासकी दिली. म्हाताऱ्या विद्वानाने विचारलेले ते दोन प्रश्न त्या मुलाने जन्मभर लक्षात ठेवले आणि पुढे ग्रंथात लिहिले.

निजामी अरूजी समरकंदी हा लेखक स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवितो. त्याने 'चहार मकाला' या फारसी ग्रंथात दोन आठवणी लिहिल्या आहेत. पहिली हवामानाची. हिजरी ५०८ च्या हिवाळ्यात मर्व शहरी सुलतानाने शिकारीसाठी पाऊस व बर्फ नसलेले दिवस सांगण्यास उमर यांना कळविले. त्यांनी दोन दिवस विचार करून वेळ सांगितली. सुलतान निघाला आणि लगेच आभाळ भरून आले, वारा सुटला. लोक हसू लागले. उमर यांनी शांतपणे सांगितले, की ढग आत्ताच पांगतील आणि पाच दिवस थेंब पडणार नाही. तसेच घडले. निजामी हेही लिहितो, की ग्रहांवरून भविष्य सांगण्यावर उमर यांचा फारसा विश्वास त्याला कधी दिसला नाही.

दुसरी आठवण कबरीची. हिजरी ५०६ मध्ये बल्ख शहरी एका मजलिसीत उमर म्हणाले होते, की माझी कबर अशा जागी असेल जेथे झाडे वर्षातून दोनदा माझ्यावर फुले ढाळतील. निजामीला हे अशक्य वाटले. पण असा माणूस उगाच बोलणार नाही, हेही त्याला ठाऊक होते. हिजरी ५३० मध्ये तो नैशापूरला गेला आणि एका वाटाड्याला बरोबर घेऊन कबरस्तानात पोहोचला. एका बागेच्या भिंतीशी कबर होती. भिंतीपलीकडून फळझाडांच्या फांद्या आत आल्या होत्या आणि त्यांच्या फुलांच्या सड्याखाली कबर दिसेनाशी झाली होती. ते पाहून निजामीला रडू कोसळले.

त्यांचा मृत्यू ४ डिसेंबर ११३१ रोजी नैशापूर येथे झाला असे मानतात. त्यांच्या शेवटच्या दिवसाची हकीकत त्यांच्या जावयाने सांगितली आणि बैहकीने लिहून ठेवली. त्या दिवशी ते इब्न सीना यांचा 'शिफा' हा ग्रंथ वाचीत होते. 'एक आणि अनेक' या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी हातातील सोन्याची दातकोरणी खुणेसाठी पानांत ठेवली, ग्रंथ मिटला आणि घरच्यांना बोलावून वसीयत केली. मग नमाज पढली. त्यानंतर त्यांनी काही खाल्ले नाही की प्यायले नाही. इशाची नमाज झाल्यावर त्यांनी सजद्यात डोके टेकले आणि अल्लाहला विनविले, की मी माझ्या शक्तीप्रमाणे तुला ओळखण्याचा प्रयत्न केला. मला क्षमा कर, कारण तुझ्याविषयीचे जे थोडे ज्ञान मला झाले तेवढीच तुझ्यापर्यंत येण्याची माझी वाट आहे. आणि त्यांनी प्राण सोडला.

पालकहो, ही हकीकत मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. कारण 'उमर खय्याम' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सुरई, पेला आणि झाडाखाली लवंडलेला एक शायर उभा राहतो. कित्येक शहरांत हॉटेलांना आणि मद्यालयांना त्यांचे नाव दिलेले असते. हे चित्र कोठून आले? इंग्लंडमध्ये एडवर्ड फिट्झजेराल्ड यांनी १८५९ मध्ये खय्याम यांच्या नावावरील रुबायांचे स्वैर रूपांतर छापले. त्यांचे फारसीचे गुरू कॉवेल तेव्हा कलकत्त्यास प्राध्यापक होते आणि तेथील एका हस्तलिखिताची नक्कल त्यांनीच पाठविली होती. आरंभी हे पुस्तक कोणी विकत घेईना. दुकानदाराने ते रद्दीच्या भावाने बाहेर ठेवले. पण पुढे ते जगभर गाजले. मराठीत माधव ज्यूलियन यांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून रुबायांचा अनुवाद केला. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी फार्शी-मराठी कोशही रचला होता. इंग्रजी रूपांतर आणि मूळ फारसी यांत किती अंतर आहे, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे कळले.

खय्याम यांच्या नावावर हस्तलिखितांत शेकडो रुबाया आढळतात. झुकोव्स्की या रशियन विद्वानाने १८९७ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी ८२ रुबाया इतर कवींच्या नावांवरही आढळतात. मौलाना सय्यद सुलेमान नदवी यांनी 'खय्याम' हा उर्दू ग्रंथ १९३३ मध्ये आझमगड येथून प्रसिद्ध केला आणि त्यांच्या विद्वत्तेची बाजू आपल्या समाजापुढे साधार मांडली. उमर यांनी रुबाया मुळीच लिहिल्या नाहीत असे म्हणण्याचे कारण नाही. दिवसभर गणित केल्यावर माणूस चार ओळी लिहू शकतो. पण त्या चार ओळींखाली त्यांचे सारे आयुष्य झाकले जावे, हे बरे नव्हे. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ पॅरिसमध्ये वोपके यांनी १८५१ मध्ये फ्रेंच भाषांतरासह छापला, म्हणजे रुबायांच्या आधी आठ वर्षे. पण जगाने पेला उचलला आणि गणित तसेच राहू दिले.

चंद्रावरील त्यांचे विवरही असेच झाकलेले आहे. ते चंद्राच्या कडेपलीकडे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूस आहे. गच्चीवरून तर नाहीच, पण पृथ्वीवरील मोठ्या दुर्बिणीतूनही ते सहसा दिसत नाही. चंद्राच्या त्या बाजूचे पहिले छायाचित्र ऑक्टोबर १९५९ मध्ये रशियाच्या 'ल्यूना ३' या यानाने घेतले. त्यानंतर तेथील विवरांची नावे ठरली आणि त्यांत खय्याम आले. १९८० मध्ये शोध लागलेल्या एका लघुग्रहालाही, क्रमांक ३०९५ ला, त्यांचेच नाव दिलेले आहे. नैशापूर येथे त्यांच्या कबरीवर १९६३ मध्ये संगमरवरी स्मारक उभे राहिले.

आता पुन्हा आडनावाकडे येतो. उमर यांच्या हयातीत त्यांना मोठमोठे किताब होते. 'गियासुद्दीन' म्हणजे दीनचा साहाय्यकर्ता, 'हुज्जतुल हक' म्हणजे सत्याचा पुरावा. लोक त्यांना 'इमाम' म्हणत, 'ख्वाजा' म्हणत. दरबारात बसणाऱ्या, सुलतानाच्या शेजारी जागा मिळालेल्या माणसाला आपले तंबू शिवणारे घराणे विसरणे सोपे होते. पण आपल्या ग्रंथांवर त्यांनी स्वतःच्या आणि वडिलांच्या नावापुढे हेच आडनाव चालविले. नऊशे वर्षांनी चंद्राच्या नकाशावर नाव लिहिताना सारे किताब गळून पडले. उरले दोनच शब्द. त्यांतला एक आईबापांनी ठेवलेला आणि दुसरा घराण्याच्या धंद्याचा. सुई-दोऱ्याने पोट भरणाऱ्यांचे आडनाव आज चंद्रावर आहे आणि ते तेथे विद्येने नेले.

आपल्या समाजात आजही कित्येक पालक मुलाला आठवी-नववीतून काढून धंद्याला लावतात, कारण घरात हाताची गरज असते. ती गरज खोटी नाही, हे मी जाणतो. धंद्याची लाज नसावी हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की धंदा हे मुलाला शाळेतून काढण्याचे कारण होऊ नये. तंबू शिवणाऱ्यांच्या घरातील मुलगा समरकंदला गेला, इस्फहानला गेला, म्हणून आज जगाला त्या घराचे आडनाव ठाऊक आहे. जे घर आपला मुलगा शिकवील, त्या घराचे आडनाव मोठे होईल.

त्या पिंजारी मुलाने त्या वर्षी नाइलाजाने आपल्याच आडनावाने अर्ज भरला. त्याला तेव्हा मी फक्त नियम सांगितला होता. आता प्रत्येक वर्षी अर्ज भरण्याच्या आधी मी फळ्यावर चंद्राचे एक मोठे वर्तुळ काढतो, त्याच्या कडेपलीकडे एक लहान वर्तुळ काढतो आणि त्यात दोन शब्द लिहितो. मग त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ मुलांना सांगतो. त्यानंतर अर्जावर प्रत्येकाने आपले पूर्ण नाव, आडनावासह, सुवाच्य अक्षरात लिहावे, एवढेच माझे सांगणे असते.